शर्टाखाली मावेल असं पिस्तूल

३ ऑक्टोबर, मंगळवार. संध्याकाळी ७.
आज मरता मरता वाचलो. घाईत लिहितोय, म्हणून अक्षर असं. सुपरमार्केटमधून बाहेर आलो, सामान मागच्या सीटवर टाकलं, गाडीत बसलो. तेवढ्यात एक दाढीवाला धिप्पाड माणूस पार्किंगमधून थेट माझ्याकडे धावत सुटला. हात वर करून ओरडत होता, ‘ओ दादा! ओ! थांबा!’ असले लोक आधी ‘दादा’च म्हणतात. मी प्रसंगावधान राखलं आणि गाडी सुसाट बाहेर काढली. वाटेत ट्रॉल्या लावायच्या कठड्यावर डावा दिवा फुटला. जिवापुढे दिवा काय!
घरी येऊन बायकोला, रोंडाला, सगळं सांगितलं. बिचारी घाबरली. मी अजिबात घाबरलो नव्हतो, हे तिला तीनदा सांगितलं.
ता. क. पिशव्या भलत्याच निघाल्या. माझी कॉफी, खिमा, रोंडाचं हातांना लावायचं क्रीम, काही नाही. त्याऐवजी सार्डिनचे सहा डबे, मांजराची वाळू आणि एक केक. काउंटरवरच्या पोरीने घोळ घातला असणार. हल्ली कामात लक्ष कुणाचं असतं?

४ ऑक्टोबर, बुधवार.
केक चांगला होता. वर पिवळे गुलाब आणि ‘ओपल ८०’ अशी अक्षरं. रोंडाने विचारलं, ही ओपल कोण? म्हटलं, कुणीतरी ऑर्डर देऊन नेला नसेल, म्हणून स्वस्तात काढला. आणि ८०? म्हटलं, ऐंशी टक्के सूट. तिने दोन तुकडे घेतले.
पोलिसांत जायचं नाही असं ठरवलं. त्यांना का कामं कमी आहेत?

६ ऑक्टोबर, शुक्रवार. दुकानात, दुपारी.
निर्णय पक्का. पिस्तूल घ्यायचं. शर्टाखाली मावेल असं छोटं, गोळी न अडकणारं आणि तीनशे डॉलरच्या आत. आमच्या राज्यात कमरेला लावून फिरायला आता परवानाही लागत नाही. एवढी वर्षं मीच मागे राहिलो म्हणायचं.
एकतीस वर्षं गाद्या विकतोय. गिऱ्हाईकाला आधी महागडी दाखवायची, तो दचकला की मधली काढायची आणि आपण त्याचं भलं करतोय असा चेहरा ठेवायचा, ह्या सगळ्या क्लृप्त्या मला पाठ आहेत. मला कोण गंडवणार?
संकल्प : पहिल्याच दुकानात, पहिल्याच दिवशी काहीही घ्यायचं नाही.

७ ऑक्टोबर, शनिवार.
गेलो. पिस्तुलांच्या दुकानात काउंटरवर मार्लिस नावाच्या बाई. सत्तरीच्या, चष्म्याला साखळी, अंगात विणलेला स्वेटर. मला वाटलं, ह्या बिलं करत असतील. म्हटलं, पिस्तुलातलं कळणारं कुणी आहे का? त्या म्हणाल्या, ‘मीच आहे बाळा. बोल.’
मी सगळ्यात चिमुकलं मागितलं, खिशात पत्त्यांच्या कॅटसारखं बसेल असं. त्या म्हणाल्या, लपवायला छान, झाडायला वाईट. हलकं पिस्तूल हातात जास्त उसळतं. दहा गोळ्यांत मनगट दुखतं, मग माणूस सराव सोडतो, आणि सराव सुटला की ते नुसतं वजन. मग मी रिव्हॉल्व्हर मागितलं. म्हणाल्या, साधं आहे, अडकत नाही, पण चाप जड असतो. बोटात जोर आहे का? ओढून पाहिला. माझ्या अंगठ्याला परवा मुरगळ आली होती, हे तिथे सांगावं लागलं.
शेवटी पोलीस खात्याने बदलून टाकलेलं एक जुनं नाइन एमएम काढलं. आटोपशीर, मुठीत नीट बसणारं, दोनशे एकोणनव्वद. वरचा लोखंडी भाग मागे ओढायला सांगितला. माझ्याने ओढवेना. (अंगठा.) शेजारी एक बाई गोळ्या घेत होत्या, त्यांनी आपलं लक्ष नाही असं दाखवलं. हे जास्त लागलं. मार्लिसबाईंनी शिकवलं, चिमटीने ओढू नकोस, वरून अख्ख्या तळव्याने धर आणि मूठ पुढे ढकल. जमलं.
मग त्यांनी विचारलं, ‘तुला भीती कशाची वाटते, बाळा?’
हा प्रश्न विक्रीच्या कुठल्याच पद्धतीत बसत नाही. मी दरोड्याचा प्रसंग सांगितला. सांगताना माणसं दोन झाली. कशी झाली कोण जाणे.
घेतलं नाही. निग्रह राहिला.

१० ऑक्टोबर, मंगळवार.
हे बघा! रोंडा कामाला आहे त्या दातांच्या दवाखान्यात एक पेशंट सांगत होती. त्याच सुपरमार्केटच्या दारातून, त्याच मंगळवारी, एका माणसाची सामानाने भरलेली अख्खी ट्रॉली चोरीला गेली. तो बूट बांधायला वाकला तेवढ्यात. म्हणजे टोळीच आहे! रोंडाला म्हटलं, मी उगाच बोलत नव्हतो. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. कौतुकाने असावं.
उद्याच घेतो.

११ ऑक्टोबर, बुधवार.
घेतलं. कागद भरले, त्यांनी फोनवर माझी चौकशी केली, दहा मिनिटांत स्वच्छ निघालो. अठ्ठावन्न वर्षांत एकही गुन्हा नाही! अभिमान वाटला. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, आणि जाड पट्टा वेगळा. तीनशेची मर्यादा ओलांडली, पण ती पिस्तुलापुरतीच होती. मार्लिसबाई म्हणाल्या, दुकानामागच्या रेंजवर दोनशे गोळ्या झाडून बघ. न अडकता गेल्या तरच त्याच्यावर भरवसा ठेव. आणि नेमबाजीच्या वर्गाला बस.
संकल्प : वर्गाला बसायचं. पुढच्या महिन्यात.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार.
पहिल्यांदा लावून कामावर गेलो. पट्ट्याचं भोक एक पुढे घ्यावं लागलं. उभं राहिल्यावर बाहेरून काही दिसत नाही. बसल्यावर पोट आणि पिस्तूल दोघांना एकच जागा हवी असते. दुपारी एका जोडप्याला गादी दाखवताना सवयीने आडवा झालो आणि मूठ बरगडीत अशी घुसली की ‘आई गं’ निघून गेलं. नवरा म्हणाला, ही गादी पाठीला वाईट दिसतेय. गेले.
तरी चालण्यात फरक पडलाय. लोक वाट सोडतात. रोंडा म्हणते, मी बदकासारखा चालतोय.

१४ ऑक्टोबर, शनिवार.
रेंज. दोनशेपैकी साठ झाडल्या. एकही अडकली नाही. कागदावरच्या माणसाला अकरा लागल्या, त्यातल्या चार शेजारच्या माणसाच्या कागदावर. तो भला होता. नुसता तीन खण पलीकडे गेला.
उरलेल्या पुढच्या शनिवारी.

१५ ऑक्टोबर, रविवार. दुपारी ४.
गाडीत बसून पिस्तूल काढायचा सराव करत होतो. (रिकामं. दोनदा बघितलं.) सीटखाली हात गेला तर एक कागदी पिशवी लागली. औषधाच्या दुकानाची, वर स्टेपल मारलेलं. आत डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. चिठ्ठीवर नाव, ओपल टीग. खाली पत्ता. गिरणीच्या रस्त्यावरचा. इथून आठ मिनिटं.
ओपल.
एक विचार आला. तो इथे लिहीत नाही.

१५ ऑक्टोबर. संध्याकाळी ६.
लिहितो. मी दाराशी बिल तपासायला थांबलो होतो. नंतर पुढ्यातली ट्रॉली ढकलली. ती माझी होती असं मी धरून चाललो. तो माणूस धावत आला तो त्याच्या सामानामागे.
घोळ कुणाचाही होऊ शकतो. ट्रॉल्या सगळ्या सारख्याच.
रोंडाला आत्ताच सांगायचं नाही. तिला त्रास होईल.
संकल्प : उद्या औषध नेऊन द्यायचं.

१६ ऑक्टोबर, सोमवार.
दुकानात माल आला. जमलं नाही.

१७ ऑक्टोबर, मंगळवार.
टपालाने पाठवावं का? पण थेंबांची बाटली फुटली तर? त्यापेक्षा न पाठवलेलं सुरक्षित. शिवाय त्यांनी एव्हाना दुसरी आणली असणार. कुणीही आणेल.
बाटली माझ्या गॅरेजात, खिळ्यांच्या डब्यामागे. रोंडा तिकडे जात नाही.

१८ ऑक्टोबर, बुधवार.
रोंडाने सहज विचारलं, त्या दरोडेखोराच्या हातात काही होतं का? म्हटलं, नीट दिसलं नाही. ती म्हणाली, परवा तर चाकू म्हणालास. मी म्हणालो होतो? असेन. जेवण गेलं नाही.

१९ ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळी ५.
आता निघतोच. पिशवी द्यायची, दोन वाक्यांत सांगायचं, परत यायचं. पिस्तूल लावून जातोय. अनोळखी वस्ती आहे. त्याला अजून राग असू शकतो. सावधगिरी म्हणजे भीती नव्हे.

१९ ऑक्टोबर. संध्याकाळी ७.
त्याला राग वगैरे काही नव्हता.
दार त्यानेच उघडलं. पायात मोजे, हातात बशी पुसायचं फडकं. मला ओळखलं. म्हणाला, ‘तुम्हीच ना ते?’ आवाज चढलेला नव्हता, नुसतं नवल होतं. मी ‘हो’ म्हणालो आणि पिशवी दाखवायला हात उंच केला. शर्ट वर गेला. तसा जाईल हे मार्लिसबाईंनी सांगितलं होतं, म्हणाल्या होत्या, घरी आरशासमोर हात वर करून बघ. मी बघितलं नव्हतं.
त्याची नजर माझ्या कमरेवर गेली. त्याने दोन्ही हात वर केले. फडकं पडलं.
‘साहेब,’ तो म्हणाला, ‘जे हवं ते घ्या. आत आई आहे माझी. तिला दिसत नाही नीट. तेवढं आत येऊ नका.’
आतून म्हातारीचा आवाज आला, ‘हार्लन, कोण आहे रे?’
‘कुणी नाही आई. चुकून आलेत.’
मला म्हणायचं होतं, नाही हो, तसं नाही, हे औषध आहे, हात खाली घ्या. तोंडातून एवढंच आलं की, ‘थेंब.’ तेही दोनदा. पिशवी पायपुसण्यावर ठेवली. तिच्यासाठी वाकलो तेव्हा तो एक पाऊल मागे सरकला. वाकलेल्या माणसाला तो भ्याला. मला! मला आजवर कुत्रंसुद्धा भ्यालेलं नाही.
गाडीपर्यंत उलट्या पावली गेलो. का, ते माहीत नाही. गाडी सुरू केली तरी तो तसाच, हात वर करून उभा होता.

२० ऑक्टोबर, शुक्रवार.
सकाळी गाडीच्या नंबरावरून पत्ता काढून शेरिफच्या ऑफिसातून एक पोलीसदादा आले. पोरगेलेसे, सभ्य. स्वयंपाकघरात टेबलाशी बसले. रोंडाने त्यांना कॉफी दिली, तिला वाटलं दरोड्याचा तपास लागला.
त्यांनी वहीत बघून एकेक विचारलं. तीन तारखेला तुम्ही दुसऱ्याची ट्रॉली नेलीत का? काल टीग यांच्या दारात हत्यार दाखवलंत का? मी म्हणालो, दाखवलं नाही, दिसलं. त्यांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. वाचून दाखवलं तेव्हा फार वाईट वाटलं.
टीग यांना तक्रार पुढे न्यायची नाही म्हणे. फक्त हा माणूस पुन्हा येणार नाही ना, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. आणखी एक गोष्ट पोलीसदादा सहज बोलून गेले. ते थेंब विमा महिन्यातून एकदाच देतो. म्हातारीला काचबिंदू आहे. सहा दिवस ती थेंबांवाचून होती, मग डॉक्टरांनी त्यांच्याकडची एक बाटली दिली.
ते गेल्यावर रोंडा आरडाओरडा करेल म्हणून मी उत्तरं जमवत बसलो होतो. तिने कप धुतला, विसळला, पालथा घातला. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, ‘लोवेल, मी त्या केकचे दोन तुकडे खाल्ले.’
एवढंच.

२१ ऑक्टोबर, शनिवार.
पिस्तूल परत करायला गेलो. मार्लिसबाई म्हणाल्या, ‘दहा दिवसांत?’ मी म्हटलं, अडकतं हो अधूनमधून. त्यांनी ते मागे रेंजवर नेलं. काचेतून दिसत होत्या. कानाला आवाज बंद करायचे डबे लावले आणि मन लावून गोळ्या झाडत राहिल्या. बराच वेळ. बाहेर आल्या, चष्मा पुसला.
‘शंभर झाडल्या. एकही अडकली नाही. ह्याच्यात काही खोट नाही, बाळा.’
अर्ध्या किमतीच्या जरा वर दिले. मी घासाघीस केली नाही. दारापर्यंत आल्यावर त्यांना म्हणालो, त्या दिवशी माणूस एकच होता. आणि तोही... त्या म्हणाल्या, ‘बरं.’ दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळल्या.

२३ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी १.
हार्लन टीग गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो, हे रोंडाने शोधून काढलं. म्हणाली, त्याच्या घरी पुन्हा जाऊ नकोस, दुकानात जा, दिवसाढवळ्या, चार माणसांत. ती बाहेर गाडीत बसून राहिली. आत आली नाही.
मी काय बोलायचं ते रविवारभर पाठ केलं होतं. सुरुवात, मधलं, शेवट. केकचा उल्लेख कुठे करायचा हेसुद्धा.
तो काउंटरमागे उभा होता. मला बघताच त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि दोन्ही तळवे काउंटरवर पालथे टेकले, मला दिसतील असे. बाकड्यावर एक म्हाताऱ्या बाई करवतीची साखळी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.
मी सुरू केलं. ‘मिस्टर टीग, तीन तारखेला जे घडलं...’ तो ऐकत नव्हता. तोंडाकडे बघतच नव्हता. नजर माझ्या जाकिटाच्या खालच्या काठावर खिळलेली. मी आवाज वाढवला, तशी त्याची बोटं काउंटरवर घट्ट झाली.
मग मी थांबलो. जाकीट उघडलं. शर्ट बाहेर काढला आणि छातीपर्यंत वर केला. पट्ट्याचे वळ अजून गेलेले नाहीत. तसाच हळूहळू गोल फिरलो, पूर्ण एक फेरा, त्या बाईंच्या समोरून. बाईंनी साखळीकडे बघितलं. दुकानात थंडी होती.
फेरा पुरा झाला तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. हात काउंटरवरून काढले, पॅन्टला पुसले.
‘हं,’ तो म्हणाला. ‘बोला आता.’
शर्ट वर धरून मी तसाच उभा होतो. पाठ केलेलं काही म्हणता काही आठवेना.