कच्च्या व्हिडिओतली गोरी

आणि परत सांगतो दादा, धाकटीला मी काळी केलेली नाही. ‘सख्ख्या बहिणीच्या तोंडाला काळं फासलंस’ हा तुझा निरोप स्टुडिओत चुकून मोठ्या स्पीकरवर लागला आणि मालकापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकला. आता चहावालाही माझ्याकडे बघून मान हलवतो. तर नमस्कार. तुझा गुडघा, वहिनी, घरचं सगळं बरं असेल (पद्धत म्हणून विचारतो, राग आहे तसाच आहे).

मूळ चूक तुझी. मुलाकडचे लांब राहतात, यायचं भाडं परवडत नाही, आधी व्हिडिओ दाखवा म्हणाले, म्हणून मी सुट्टीत मालकाचा कॅमेरा हातापाया पडून आणला आणि धाकटीचं चित्रण केलं. आमचा कॅमेरा लॉगमध्ये चालतो. म्हणजे चित्र मुद्दाम फिकं, राखेत लोळून आल्यासारखं उतरतं, त्यात ऊन आणि सावली दोन्ही शाबूत राहतात, आणि रंग आम्ही मागाहून चढवतो. तो कच्चा माल मी तुझ्याकडे जपून ठेव म्हणून दिला, आणि तू? शिंप्याकडचं कापड न शिवताच गुंडाळून मिरवावं तसा तो मुलाकडे पाठवून मोकळा झालास! त्यात भिंत फिकी, मांजर फिकं, धाकटीही फिकी. त्यांना वाटलं, काय गोरी मुलगी आहे! लगेच होकार कळवला. मांजराचं कुणी कौतुक केलं नाही.

मग मी जेवणाच्या सुट्टीत उपाशी बसून खरा रंग बसवला आणि तुला पाठवला. भिंत पांढरी केली, सावल्या खाली घेतल्या. आमच्या यंत्रात कातडीची एक रेघ असते. माणूस गोरा असो की सावळा, कातडी त्याच रेघेच्या आसपास येते, उजेड तेवढा कमीजास्त. (मागे खुर्चीत तू बसला होतास, तुझं लाल नाक तेवढं पार रेघेबाहेर गेलं होतं. कशामुळे ते तुला ठाऊक आहे, वहिनीला मी बोललो नाही.) धाकटी हसली की गालावर येणारा तांबूसपणा आला, कानाच्या पाळीतून ऊन आलं, आईची हनुवटी आली. मी सातवीतून पळालेला माणूस, पण जन्मात काही धड केलं असेल तर ते हे. आणि तू म्हणतोस, ‘पहिल्यासारखी कर, नाहीतर स्थळ जाईल.’ पहिल्यासारखी म्हणजे कशी रे? आजारी?

तुझ्या या निरोपाने माझी खुर्ची गेली. एका गिऱ्हाइकाने मुलाच्या लग्नाचा व्हिडिओ बघून ‘नवरा जरा उजळ करा’ म्हटलं. एरवी मी ‘हो साहेब’ म्हणून बटण फिरवतो. त्या दिवशी माझ्या कानात तू होतास. मी म्हटलं, ‘एवढं करण्यापेक्षा नवराच बदला ना.’ नवरा मागेच उभा होता. आता मी वायरी गुंडाळतो. मालक म्हणतो, महिनाभर गुंडाळ, डोकं थंड होईल. होत नाही.

वहिनीला नमस्कार, पोरांना पापे, तुला काही नाही.

तुझा (नाइलाजाने) भाऊ

ता. क. मोठ्यांचा शब्द मोडू नये म्हणून गोरा व्हिडिओही बनवून पाठवला आहे. त्यात धाकटी आहे तशीच आहे, मागे खुर्चीत बसलेल्या तुला गोरा केलाय. मिशी शोधावी लागेल.

आणखी ता. क. धाकटीचा फोन आला होता. रडली नाही, एवढंच म्हणाली, ‘भाऊ, त्यांनी होकार मला दिलाय की त्या राखेला? सकाळी तोंड धुतल्यावर परत पाठवतील का?’ याचं उत्तर तू शोध. नाहीतर असं कर, व्हिडिओ राहू दे, माणसंच बोलाव. मुलगा आणि त्याचे आईवडील, तिघांचं जाण्यायेण्याचं भाडं मी भरतो. भर दुपारी बोलाव, धाकटीला खिडकीपाशी बसव, आणि पडदा ओढलास तर गाठ माझ्याशी आहे. मग ते हो म्हणोत नाहीतर नाही, आणि तीही हो म्हणो नाहीतर नाही. चार हजार दोनशे पाठवतोय.