डि'मेलोचं शेपूट

मु. होळी, वसई
८ नोव्हेंबर २००४

चि. शॉन यास,
उर्सुला काकीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू हो-हो म्हणतोस नि विसरतोस, म्हणून हे पत्र. गुडघ्यांमुळे यंदा बाजारात बसणं सोडलं. पुतण्याने माझं दुकान कम्प्युटरवर मांडलंय, असं गावभर सांगून बसले. तीन आठवडे झाले, सुकेळ्यांची एक ऑर्डर नाही. नाताळ तोंडावर आलाय.

शेजारच्या जीनाने सायबर कॅफेत नेऊन तुझा पैसे भरायचा फॉर्म वाचून दाखवला. जन्मतारीख, शिक्षण, लग्न झालंय का! अरे, आपण केळी सुकवून विकतो, सोयरीक जुळवत नाही. आणि भाव सांगायच्या आधीच कार्डाचा नंबर? बाजारात असं केलं तर गिऱ्हाईक टोपली डोक्यावर ओतेल. विकणारी कोण, तिचं नावही कुठे नाही. लवकर नीट कर.

तब्येतीला जप, काकीला विसरू नको.
तुझी काकी

बंगळूर
१५ नोव्हेंबर २००४

ती. काकीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून कान लाल झाले. एकोणीस रकाने होते, पाच ठेवले. आधी माल नि टपालखर्चासकट भाव, मग कार्ड. वर तुझं नाव, पत्ता, फोन आणि फोटो. कार्डाचा नंबर आमच्याकडे राहत नाही, थेट बँकेकडे जातो, हेही लिहिलं. मी स्वतः तीनदा भरून पाहिला, झकास चालतो. आता ऑर्डर नाही आली तर एकदा सुकेळीच चाखून बघ हो!

लोभ असाच ठेव, नि राग आला तर तोही पत्रानेच पाठव.
तुझा शॉन

मु. होळी, वसई
२६ नोव्हेंबर २००४

चि. शॉन यास,
आशीर्वाद.

चाखून बघायचं तुझं ते वाक्य फार लागलं रे. दोन दिवस सुकेळीच चाखत होते. आपला हात बिघडला की काय, म्हणून रडूही आलं.

मग कुवेतहून माझ्या दिरांचा, तुझ्या प्लासिड काकांचा फोन. तडकले होते. ऑर्डर द्यायला गेले, तर फॉर्मने त्यांना लाल अक्षरांत कळवलं, की आडनाव अवैध आहे. बाप्तिस्म्याच्या वहीतलं नाव यंत्राला चालत नाही का, असं मलाच विचारत होते. इनेझ डि'सोझाचंही तेच. एका लतिका पाटलांची ऑर्डर तेवढी आली. जीनाने शोधून काढलं: इंग्रजीत आपल्या आडनावात 'डी'नंतर वर जे शेपूट लटकतं, ते तुझ्या फॉर्मला खपत नाही.

तुझ्या बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर ते गाळलं होतं, तेव्हा परत घालून घ्यायला तुझ्या आजोबांनी हेडमास्तरांकडे तीन खेपा घातल्या होत्या. तू तीनदा भरलास म्हणतोस, ते कुणाच्या नावाने?

रागावले तरी तुझीच,
काकी

बंगळूर
२ डिसेंबर २००४

ती. काकीस,
सा. न. वि. वि.

'टेस्ट टेस्ट' या नावाने. माझं नाव घातलं असतं तरी चूक कळली नसती. ऑफिसच्या ओळखपत्रावर पहिल्या दिवसापासून शेपूट नाही. मी म्हटलं, जाऊ दे. आता सहीही तशीच करतो. आजोबांनी तीन खेपा घातल्या, मी एकही नाही. फार लाज वाटली, काकी.

फॉर्म दुरुस्त केलाय. त्यानंतरची पहिली ऑर्डर माझीच, दोन किलो, शेपटासकट. प्लासिड काकांना सांग, ते आता वैध आहेत. सुकेळ्यांबद्दल बोललो ते पोटात घाल.

आशीर्वाद असू दे. सोमवारी ऑफिसात पहिली खेप आहे.
तुझा
शॉन डि'मेलो