चौथी फट

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पार्सल परवा पोचलं. इकडे सगळं ठीक. वर्कशॉपचं छप्पर एकदाचं बदललं, आता डोक्यावर गळत नाही. स्वयंपाक अजून माझा मीच करतो आणि शेजारचे अजून खिडक्या लावून घेतात. वहिनीची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, भरलेल्या बादल्या उचलू नको.

तू तुझं फीलर गेज पाठवलंस. सोबत चिठ्ठी, 'हेड मेकॅनिक झालास, आता हे तुझ्याकडेच शोभेल.' फट मोजायच्या त्या पट्ट्यांना तू अजून तेल लावतोस हे बघितलं. तीन वर्षं कोल्ड स्टोरेजच्या गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहितोस, आणि घरी येऊन पट्ट्यांना तेल लावतोस. मी डबी कपाटात ठेवून दिली. हात लावायची लाज वाटली.

काल एक वॉटर स्कूटर आली. इंजिन ओरडतंय पण गाडी पुढे सरकत नाही, अशी तक्रार. पंप खोलला. पंख्याभोवतीची रिंग वाळूने एका बाजूने खाल्ली होती, मधे सहज नख जाईल एवढी फट. नवी रिंग बसवली, पंख्याची पाती घासून नीट केली. अर्ध्या दिवसाचं काम. तेवढंच तर करायचं होतं तेव्हाही.

बघ, हे लिहायला बसलो आणि तुला छपराच्या गोष्टी सांगत बसलो.

आपली पद्धत तुला सांगायला नको. मी खाली आडवं पडून पंखा आणि रिंग यांच्यातली फट चार ठिकाणी मोजायची, ओरडून सांगायची; तू कार्डावर लिहून सही करायची. तीन वर्षांपूर्वीच्या त्या स्कूटरची मी तीनच ठिकाणी मोजली. चौथीपर्यंत हात पोचायला खालची जाळी काढावी लागणार होती आणि तिचा एक स्क्रू खाऱ्या पाण्याने घट्ट धरला होता. मी खालूनच ओरडलो, "चारही बरोबर!" तू सही केलीस. दादा, कारणसुद्धा धड नाही रे. मला भूक लागली होती.

पुढचं तुला माहीत आहे. गाडी भर पाण्यात नुसती ओरडत राहिली आणि लाटेने ती दगडांवर आपटली. चालवणाऱ्या गृहस्थांचा गुडघा गेला. ते अजून काठी घेऊन चालतात. बाजारात दिसले की मी रस्ता बदलतो. ज्याची सही त्याची जबाबदारी, म्हणत मालकांनी तुला घरी बसवलं. मी तिथेच उभा होतो, मूग गिळून.

आज सकाळी मालकांना सगळं सांगितलं. आधी तुला लिहिलं असतं तर तेवढ्यावरच मोकळा झालो असतो आणि त्यांच्यापुढे तोंड उघडलं नसतं. मी मला ओळखतो. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "अरे, पण तो तर म्हणाला होता, चौथी फट मी स्वतः मोजली, माझंच चुकलं."

म्हणजे तुला त्याच दिवशी कळलं होतं. अपघातानंतर जाळी तूच उघडलीस, जागचा न हललेला स्क्रू पाहिला असशील. तरी मला एकदाही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी खोटं बोललो असतो, म्हणूनच ना?

हेड मेकॅनिकची जागा मी सोडली. मालक सोमवारी तुला फोन करतील, उचल. त्या गृहस्थांकडे उद्या जाणार आहे. दारातून हाकललं तरी जाणार.

एक उरलं. तुला घरी बसवलं त्या आठवड्यात वहिनीने मला विचारलं होतं, "भावजी, यांच्या हातून अशी चूक होईल का हो?" मी म्हणालो, "माणूस आहे वहिनी, चुकतो कधीतरी." ती खाली मान घालून भांडी घासत राहिली. त्या वाक्याची जेवढी लाज वाटते तेवढी बाकी कशाचीच वाटत नाही.

हे पत्र तिला वाचून दाखव. वाचताना तू माझ्यासाठी काही ओळी गाळशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून याची दुसरी प्रत तिच्या नावाने वेगळी टाकली आहे.

तुझ्या सहीआड लपलेला,
तुझा धाकटा