सुतकातला शेरा

रत्नागिरी,
ता. २० सप्टेंबर १९३४

ती. राजाकाकांस,
कुसुमचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आज शेरे लागले. माझ्या नावापुढे ‘भित्री, अस्थिर, वर्गापुढे उभी करण्यास अयोग्य’ असे आहे. पुढल्या महिनाअखेर ट्रेनिंग स्कूल सोडायचे. सगळ्या मुलींनी ते वाचले.

काका, ती स्वभावाची परीक्षा मी श्याम गेल्याच्या सातव्या दिवशी दिली. मचवा खाडीच्या तोंडाशी उलटून भाऊ गेला, त्याला आठवडाही झाला नव्हता. साठ प्रश्न, पुढे ‘हो’ किंवा ‘नाही’. झोपेतून दचकता का, जेवण नकोसे होते का, पाण्याची भीती वाटते का, कोणी हाक मारल्याचा भास होतो का. खोटे लिहायचे नाही, हे तुम्हीच घरी पाटीवर शिकवलेत. मी चाळीस ठिकाणी ‘हो’ लिहिले. सुतकाचे बोलले नाही. सवलत मागितल्यासारखे झाले असते. वसतिगृहात माझे ताट वेगळे मांडत होते. म्हणजे स्वयंपाकघराला कळले होते, परीक्षकांना नाही.

राग तुमचाही आला आहे. मला घरी यायचे होते. परीक्षेला बस, असे तुम्हीच लिहिलेत. आईला यातले काही सांगू नका.

रागातही तुमचीच,
कुसुम

जयगड,
ता. २४ सप्टेंबर १९३४

चि. कुसुम हीस,
राजाकाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. शाई कागदाच्या पाठीवर उतरली आहे. टाक मोडला असल्यास नवा धाडतो.

चूक माझी. गणिताची परीक्षा असती तर मीच नको म्हटले असते. स्वभावाला अभ्यास कसला, तो चार दिवसांत पालटतो थोडाच, असे मला वाटले. त्या परीक्षकांनाही तसेच वाटले असणार. तीस वर्षे मास्तरकी केलेला मी अजून बंदराकडे फिरकलेलो नाही. तो कागद मला दिला असता तर मीही अयोग्यच ठरलो असतो.

आता अर्ज कर. उत्तरे गोंधळून चुकीची लिहिली, असे लिही, म्हणजे पुन्हा बसवतील. एवढे खोटे माझ्या माथी.

रागाव, पण पत्र टाकीत जा.

राजाकाका

रत्नागिरी,
ता. १७ ऑक्टोबर १९३४

ती. राजाकाकांस,
कुसुमचा शि. सा. नमस्कार वि. वि.

अर्ज केला नाही. उत्तरे चुकीची नव्हती. मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले आणि त्या कागदावर तारखेला जागा का नाही, असे विचारले. त्या म्हणाल्या, स्वभावाला तारीख कशाला. तेव्हा माझा आवाज चढला. सांगितले की दोन तारखेला भाऊ बुडाला आणि आठला तुम्ही मला पाण्याची भीती वाटते का, असे विचारलेत. बाई म्हणाल्या, आधी सांगायचेस. मी म्हटले, आधी विचारायचेत.

काल पुन्हा बसवले. ‘हो’ अकराच आले. जागा राहिली. बाई कौतुकाने म्हणाल्या की तुझा स्वभाव सुधारला हो, आणि जुना कागद फाडायला घेतला. मी तो हातातून ओढून घेतला. बिघडला कधी होता, सुधारायला? वर तारीख घातली, ‘भाऊ जाऊन सातवा दिवस’ असे लिहिले आणि नव्याला टाचून ठेवायला लावला.

पाण्याच्या प्रश्नापुढे कालही ‘हो’च लिहिले. दिवाळीला खुष्कीच्या वाटेने येईन. तुम्हाला बंदरावर यावे लागणार नाही.

तुमची,
कुसुम