पेशंटच्या खाटेवरून शिट्टी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? ऑपरेशननंतर डॉक्टरांशी हुज्जत घालतेस असं कळलं, म्हणजे तब्येत ताळ्यावर येतेय. इकडे सगळे मजेत. तुझ्या लेकीने आज शूटिंगमध्ये असा पराक्रम केला, की माझी छाती शर्टात मावेना (बटण खरंच तुटलं, पण त्याला जेवणही जबाबदार).

तू बजावलं होतंस, कायद्याने लहान मुलाचा पालक सेटवर नजरेच्या टप्प्यात हवा. मी पडलो पीटीचा मास्तर, नियम म्हणजे नियम! पोरगी जिकडे, तिकडे मी. त्यामुळे मी प्रत्येक शॉटमध्ये दिसायला लागलो आणि कॅमेरावाला हात जोडायला लागला. आज सीन हॉस्पिटलचा, खोली एवढीशी, उभं राहायला जागा नाही. शेवटी त्यानेच मला शेजारच्या खाटेवर पांघरूण घालून झोपवलं. (गादी उत्तम. क्षणभर डोळा लागला, हे कोणाला सांगू नकोस.)

सीनमध्ये तिने आजारी आईच्या उशाशी रडायचं होतं. डोळ्यांत पाणी येईना. तेव्हा दिग्दर्शक तिच्याजवळ वाकून म्हणाला, "तुझी खरी आईसुद्धा आता घरी येणार नाही, कळलं?" ताई, माझ्या अंगाची लाही लाही झाली. ताडकन उठलो आणि गळ्यातली शिट्टी अशी फुंकली, की नर्स (तीही खोटी) किंचाळली. मुलांना घाबरवून रडवणं नियमात बसत नाही, हे मी ठणकावणार, तेवढ्यात तुझी लेकच दिग्दर्शकाला म्हणाली, "काका, मला खोटं रडता येतं म्हणून घेतलंत ना? मग खरं कशाला रडवताय?" मग बाईसाहेबांनी एका टेकमध्ये घळाघळा रडून दाखवलं. दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. अशी भाची सात जन्मांत मिळायची नाही!

तुझा,
धाकटा

ता. क. पेशंट फार झकास उठला म्हणून मलाही काम देऊ केलंय. मी बाणेदारपणे नाही म्हटलं, पालकाने पालकच राहावं. (पुन्हा विचारलं तर सांगता येत नाही.)

आणखी एक ता. क. पत्र खरं तर यासाठीच. पराक्रम सगळा खरा, पण घरी आल्यापासून वेणी घालताना, जेवताना ती एकच विचारतेय, "मामा, आई येणार ना?" मी हो म्हणतो, पण मोठी माणसं तोंडावर खोटं बोलतात हे तिने आज पाहिलंय. तुझ्या वॉर्डात फोन लागत नाही, म्हणून हे भाऊजींच्या हाती पाठवतोय. वाचलंस की त्यांच्या हाताला धरून बाहेर ये आणि तिला फोन कर. गुडघ्याचं नंतर सांग. आधी "येतेय" म्हण.