आईसाठी एक तास

बेळगुंदी, श्रावण शुद्ध नवमी, सोमवार

पोथी झाल्यावर देवळात विषय निघाला. जिवंत किंवा मेलेल्या कुणाशीही तासभर बोलता आलं, तर कुणाशी बोलाल? कुणी संत सांगितले, कुणी राजे. मी म्हणालो, "आईशी."

थोरली बहीण आक्का समोरच होती. सगळ्यांदेखत हसली. "तिच्याशी काय बोलणार रं? तीनदा कौल लावलास, ते सांगणार व्हय?"

प्लेगाच्या साली सारं गाव माळावर झोपड्यांत गेलं. आईला गाठ आली होती, ती घरातच राहिली. आक्का तिच्याजवळ थांबली. मी आईकडे जाऊ का, म्हणून देवीला फुलं लावून कौल मागितला. उजवं फूल पडलं, म्हणजे जा. पुन्हा लावलं. पुन्हा उजवंच. तिसऱ्यांदा डावं पडलं, तेव्हा मी हात जोडले आणि झोपडीत परतलो. आपलं भय देवीच्या माथी मारलं.

आक्काला गुरवानं सांगितलं असणार. मग इतकी वर्षं गप्प का राहिली?

घरी येताना मी विचारलं, "शेवटी आई काय म्हणाली, तेवढं तरी सांग."

"तिलाच इचार की. तासभर हाय न्हवं तुला."