देवाला जाळी नको म्हणे

प्रिय नथूकाका,

आज अष्टमी. उद्या खंडेनवमी, कापसाच्या जिनात यंत्रांची पूजा. परवा दसऱ्याला इंजिन सुरू होईल आणि हंगामाचा पहिला मूठभर कापूस सरकी काढणाऱ्या रेच्यात पडेल. तो तुमची इंदू टाकणार आहे. तुमच्याच खांबाजवळ उभी राहून! म्हणून हे पत्र. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणारा वेडाच, असं लोक म्हणतील. म्हणू देत. 'अर्धा साहेब' तर आताच म्हणतात.

आधी एकच विचारतो. आज सकाळी जिनाच्या फाटकात आरती चालू असताना भागाबाईच्या अंगात आलं, ते तुम्हीच होतात का?

भागाबाई, सरकी पाखडणारी म्हातारी, तुम्ही जिला 'जिननी आजी' म्हणायचात. तिनं केस सोडले आणि घुमायला लागली. मुकादम लिंबू घेऊन पुढं झाला. "कोन शे?" म्हणाला. ती म्हणाली, "मी नथू." आरती थांबली. टाळ वाजवणारा टाळ तसेच धरून उभा राहिला. "काय पाहिजे तुले?" मुकादमानं विचारलं.

"मन्ही जागा खाली नका ठेवा."

एवढंच बोलून ती आडवी झाली. आणि काका, सगळ्यांच्या माना इंदूकडं वळल्या. एकाचीही चुकली नाही. मुकादम तर जणू वाटच बघत होता. "ऐकं ना? बापनं बलायं," म्हणाला.

ते तुम्ही नव्हतात. मी पैजेवर सांगतो!

का ते सांगू? मी शाळेसाठी ब्राह्मणपुरीहून नंदुरबारला आलो, तुमच्या शेजारच्या खोलीत राहिलो. सुट्टीच्या दिवशी दुपारी इंदू तुमची भाकर घेऊन निघायची आणि मी उगाच मागं मागं यायचो. फाटकातून आत आलं की तो निंब. निंबाच्या पुढं तुम्ही तिला कधी पाऊल टाकू दिलं नाही. एकदा तिचा पतंग आत गेला, तर तुम्ही तेलाचा डबा टाकून धावत आलात आणि ओरडलात, "निंबना अल्याड ऱ्हाय! तो शाफ्ट पोरं वळखत नई." पतंग मी आणायला गेलो, तर माझाही कान पिरगाळलात. जो बाप पोरीला निंबाच्या पुढं येऊ देत नव्हता, तो तिला शाफ्टजवळ बोलावेल?

हेच मी आज काकीला सांगितलं. देवासमोर दिवा सारखा करत ती म्हणाली, "त्या जित्ता व्हतात तवयनं येगळं, भाऊ. आते त्या देव शेतस."

देव! काका, तुम्हाला हसू नाही येत? तुम्ही, ज्यांच्या धोतराला कायम तेलाचा वास यायचा, ते देव झालात. तुम्ही गेलात त्या खांबाला त्यांनी शेंदूर लावलाय. रोज फूल असतं. बायका कामाला लागायच्या आधी हात जोडतात. इथवर मला काही म्हणायचं नव्हतं. मीही जोडतो. पण खांबाच्या बाजूला, मोठ्या चाकावर आणि पट्ट्यावर ती लोखंडी जाळी होती ना, ती त्यांनी काढून टाकली. का? तर देवाला जाळीत कोंडायचं नाही म्हणून!

आदल्या साली सरकारी इन्स्पेक्टर येऊन गेला, तेव्हा ती जाळी बसली होती. तुम्ही किती हसला होतात. "आते शाफ्टले बी बुरखा!" मग माघात तुम्ही तेल घालायला जाळी उघडलीत, पट्टा चालूच होता, आणि धोतराचा सोगा गेला आत. फिटर हमीदचाचांनी इंजिन बंद केलं, पण चाक लगेच थांबत नाही. यातून लोकांनी काय अर्थ काढला? जाळी उघडी होती म्हणून नथू गेला, असा? नाही. जाळी लावली म्हणून यंत्र कोपलं, आणि कोपलं म्हणून नथू घेतला. आता ती जाळी फाटकाजवळ पडलीय, देवडीवाला तिच्यावर मिरच्या वाळवतो.

तुमच्यावरही मला राग आहे, सांगून टाकतो. इंजिन थांबवा, मग तेल घालतो, असं एकदा तरी म्हणायचंत. मी बडोद्याच्या कॉलेजातून पहिल्या सुट्टीत आलो तेव्हा हेच बोललो होतो. आठवतं? ओट्यावर बसून तुम्ही विडी पेटवली आणि म्हणालात, "मरानं कसं नई, हाई शिकाले बडोदाले जास का रे तू?" मी चिडलो. तुम्ही आणखी हसलात आणि तुमचं ते वाक्य टाकलंत, "चालनाराले तेल, मरनाराले तूप. चालू शाफ्टलेच तेल लागस, पोऱ्या." काका, तुमच्या चितेवर तूप तुमच्या थोरल्या भावानं घातलं. मी तेव्हा वर्गात होतो.

काय शिकत होतो ते कधी नीट सांगितलंच नाही. कामगार कल्याण असा आमचा अभ्यासक्रम होता, आणि त्यात कारखान्यातली सुरक्षितता हा एक विषय. पोरं त्या तासाला मागं बसून डुलक्या घ्यायची. सर खोली अंधारी करून पडद्यावर चित्रं दाखवायचे, चाकं, पट्टे, आणि मध्येच एखादा हात. नुसता हात, माणूस नाही. मागून कोणी हसलं की मला वाटायचं उठून एक ठेवून द्यावी. मला त्या प्रत्येक हातावर तुमचं तांब्याचं कडं दिसायचं. तुम्ही तेव्हा जिवंत होतात! जीव आधीच सांगतो का हो माणसाला?

सर एक वाक्य नेहमी म्हणायचे. माणूस चुकणारच, तो चुकला तरी मरू नये म्हणून जाळी असते. मी हे मुकादमाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "अर्धा साहेब, अर्धंच शिकी उना तू. बाकी अर्धं देव जानस."

अर्धं का राहिलं, तेही ऐका. वैशाखात आखाजीला काकीनं तुमच्या नावाची घागर भरली, मी पाया पडलो. मग उन्हाळ्याची सुट्टी संपली आणि पेटी घेऊन बडोद्याला निघालो. विसरवाडीला बस चहासाठी थांबली. तिथं आपल्या जिनाच्या गाठी वाहणारा ट्रकवाला उभा. सहज बोलला, "नथूभाऊंच्या पोरीला शेठनी बापाच्या जागी घ्यायचं ठरवलंय. चांगलं केलं, घर चालेल." त्याच्या लेखी चांगली बातमी होती. मी बसच्या टपावर चढलो, पेटी खाली फेकली आणि त्याच्याच ट्रकमध्ये बसून परत आलो. आमच्या बापूंनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलंय. मी इथं हमीदचाचांच्या हाताखाली पाने-पकडी उचलून देतो. कॉलेज सोडल्याचं मला काही वाटत नाही. पडद्यावरचं जिथं खरं होणार आहे, तिथं मी असलो पाहिजे.

आणि इंदू? तिला भेटलो तर म्हणाली, "का रे कॉलेजवाला, परत उना? तठे पोरी नव्हत्यात का?" तुम्हाला माहीत होतं ना माझं? माहीत असणारच. एकदा भाकरीवर तुपाची धार सोडत काकीला म्हणाला होतात, "याले जरा जास्त वाढ, याले आपलंच घर दिसस." मी ताटात मान घातली ती वर काढलीच नाही. तुम्हाला सरळ विचारायचं राहिलं ते राहिलंच. आता विचारतो. देव झाला आहात तर नाही म्हणणार नाही, एवढी आशा आहे.

आज आरतीनंतर तिला निंबाखाली गाठलं. म्हटलं, तू नको जाऊ. सांग, भीती वाटते म्हणून. तिनं टिंगल केली नाही. त्याचीच मला धास्ती बसली. ती म्हणाली, "बानी बलायं, मी कशी नई जाऊ?" आणि बोलताना ती निंबाच्या पलीकडं बघत होती, खांबाकडं. कोणी खरंच हाक मारत असावं तशी.

काकीनं पेटीतून नवं लुगडं काढलंय, हिरवं, लांब पदराचं. पहिली मूठ टाकायला ती ते नेसणार. पदर खोचून घे म्हटलं, तर काकी म्हणाली, देवापुढं पदर खोचून उभं राहतात का? काका, ते लुगडं दोरीवर वाळत होतं. वारा जिनाच्या बाजूनं येत होता, तरी पदर जिनाकडंच उडाल्यासारखा वाटला. मी डोळे चोळून पुन्हा बघितलं नाही. हिंमत झाली नाही.

एकदा वाटलं, उद्या मीच घुमावं. केस नाहीत सोडायला, पण डोळे फिरवीन आणि तुमच्या आवाजात ओरडेन, "जाळी लावा रे!" पण मला ते जमायचं नाही. मला लगेच राग येतो, आणि रागावलेला माणूस आपल्याच आवाजात बोलतो. म्हणून तुम्हाला विनवतो. आज काकीच्या स्वप्नात या. नाहीतर भागाबाईच्याच अंगात पुन्हा या आणि खरं काय ते सांगा. मी देवाशी भांडू शकत नाही. तुम्ही देव नका राहू हो! एक दिवस नुसते नथू व्हा, आणि पोरीवर ओरडा, निंबाच्या अलीकडं राहा म्हणून.

आणि नाही आलात, तर माझं ऐकून ठेवा.

देवडीवाल्याच्या मिरच्या मी पोत्यात भरून दिल्या. त्यानं शिव्या दिल्या, मीही दिल्या. जाळी धुतली, तिचे बोल्ट हमीदचाचांनी माझ्या हातात ठेवले. उद्या पूजेच्या आधी मी ती बसवणार. शेंदूर जाळीलाच लावीन, हार जाळीलाच घालीन, पायाही तिच्याच पडेन. म्हणेन, देव आत सुखरूप आहे आणि आपण बाहेर. मानलं तर मानलं.

पण मुकादम ती काढायला लावेल, मला दिसतंय. दसऱ्याला इंजिन धडधडायला लागेल, पट्टा पळायला लागेल आणि खांबाची ती बाजू उघडी असेल. इंदू हिरवं लुगडं नेसून, मुठीत कापूस घेऊन पुढं येईल. तेव्हा तिच्या पदरात आणि त्या चाकात मी उभा असेन. अंगाबरोबर सदरा घालून, पाठ चाकाकडं करून. मारलं तरी हलणार नाही, तुम्ही माझा हट्ट जाणता.

तुमचा शब्द पाळला जाईल, काका. तुमची जागा खाली राहणार नाही. पण तिथं इंदू उभी नसेल.

तुमच्या ताटात वाढलेला,
मगन